कुंपणाच्या पॅनलवर पट्टी बसवताना लाकूड फाटू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशीकडील एका बंगल्याच्या बागेभोवती सहा फूट बाय चार फूट मापाची तयार पाइन पॅनल उभी केली आहेत. प्रत्येक पॅनलला मागे ३८ बाय ५० मिलिमीटरची चौकट आहे आणि तिच्यावर १२ मिलिमीटर जाडीच्या, चार इंच रुंदीच्या उभ्या फळ्या ठोकलेल्या आहेत. कडा उघड्या दिसू नयेत म्हणून चारही बाजूंनी दोन इंच रुंद, १८ मिलिमीटर जाड सागवानी पट्टी आणि माथ्यावर एक रुंद टोपीपट्टी बसवायची आहे. सुताराने दोन इंची खिळे ठोकताच पट्ट्यांची टोके उभी फाटू लागली. बारीक खिळे आणले तर ते अर्ध्यावरच वाकले. आता स्क्रू वापरावेत, गोंद लावावा की पट्टीच बदलावी, असे आपण विचारले आहे.

पट्टी बदलण्याची गरज नाही. स्क्रू वापरावेत, परंतु केवळ स्क्रू आणल्याने लाकूड फाटणे थांबेल असे समजू नये. चुकीच्या छिद्रात आवळलेला स्क्रू खिळ्याइतकीच लांब चीर पाडतो. शिवाय ठोकताना पडते ती फाट सर्वांना दिसते आणि तिचा दोष हातोडीला दिला जातो, पण कुंपणाच्या कामात त्याहून जास्त पट्ट्या नंतर, म्हणजे पहिला पावसाळा संपून हिवाळ्याची कोरडी हवा सुरू झाल्यावर फाटतात. पहिली फाट छिद्राने टळते. दुसरी टाळण्यासाठी स्क्रू कोठे, किती आणि किती सैल बसवायचा याचा विचार करावा लागतो, आणि बहुतेक कामांत तो कोणी केलेला नसतो.

आधी पहिली फाट. लाकडाचे तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेने धावतात आणि त्या दिशेने ओढले तर लाकूड विलक्षण ताकदवान असते. पण तेच लाकूड रेषांना काटकोनात ओढले तर त्याची ताकद विसाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते, कारण तेथे तंतू तुटत नाहीत, फक्त एकमेकांपासून सुटतात. जळणाचे लाकूड फोडणारा माणूस पाचर मारताना याच कमकुवतपणाचा फायदा घेतो, आणि खिळ्याचे चौपैलू टोक तसेच वागते. ते तंतू कापत नाही, त्यांना दोन्ही बाजूंना रेटते. फळीच्या मध्यावर हा रेटा सोसला जातो, कारण पुढचे आणि मागचे अखंड तंतू त्या जागेला धरून ठेवतात. टोकाजवळ मात्र एका बाजूला धरून ठेवायला काहीच उरत नाही आणि चीर थेट टोकापर्यंत धावते. म्हणूनच आपल्या पट्ट्या मध्ये शाबूत आहेत आणि फाटल्या आहेत त्या टोकांना.

सरळ रेषेच्या लाकडाला हा धोका अधिक असतो. रंध्याखाली जे लाकूड गोड लागते, म्हणजे ज्याची साल लांबलचक आणि न तुटता निघते, तेच खिळ्याखाली लवकर फाटते. साग या बाबतीत अपवाद नाही. निलगिरीची तर टोके ती नुसती वाळताना आपोआप तडकतात. बाभळीसारखे कठीण लाकूड छिद्राशिवाय खिळा घेतच नाही. आपले बारीक खिळे वाकले ते सागाच्या कठीणपणामुळे आणि जाड खिळ्यांनी लाकूड फाडले ते सागाच्या सरळपणामुळे, त्यामुळे खिळ्याची जाडी बदलत राहून यातून वाट निघणार नाही.

छिद्र मारायचे ते एकच नव्हे. पट्टीतील छिद्र आणि मागील चौकटीतील छिद्र ही दोन वेगळ्या मापांची असली पाहिजेत, आणि आपल्या पॅनलमध्ये मध्ये फळीही येत असल्याने तिसरे माप लागेल. पट्टीतील छिद्रातून स्क्रू हाताने ढकलला तरी आरपार गेला पाहिजे. आटे पट्टीला कोठेही पकडता कामा नयेत. आटे पट्टीत पकडले तर दोन तोटे होतात: स्क्रू फिरताना पट्टीला आतून रेटतो, आणि पट्टी चौकटीपासून किंचित उचललेली असेल तर ती तशीच उचललेली राहते, मग ती खाली ओढण्यासाठी माणूस आणखी आवळतो आणि तेथेच चीर जाते. चौकटीतील छिद्र मात्र स्क्रूच्या आट्यांमधील गाभ्यापेक्षा थोडे लहान हवे, म्हणजे गाभ्याला जागा मिळते आणि आटे लाकडात घट्ट रुततात. पाइनसारख्या मऊ लाकडात हे छिद्र गाभ्याच्या सुमारे ७० टक्के आणि सागासारख्या किंवा त्याहून कठीण लाकडात सुमारे ९० टक्के व्यासाचे ठेवावे.

आपल्या कामाला हे असे लागू होईल. स्क्रू ८ नंबरचा, दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर लांबीचा घ्यावा. तो पट्टीतून १८ आणि फळीतून १२ मिलिमीटर जाऊन चौकटीत २० मिलिमीटर उतरेल, आणि पॅनलचे वजन खांबांवर असल्याने शोभेच्या पट्टीला एवढी पकड पुरते. या स्क्रूचा दांडा ४.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून पट्टीत ४.५ मिलिमीटरचे छिद्र मारावे. पाइनच्या चौकटीत २.५ मिलिमीटरचे बिट योग्य ठरेल. चौकट कठीण लाकडाची असती तर ३ मिलिमीटर म्हटले असते. मधल्या फळीत ६ मिलिमीटरचे, म्हणजे मुद्दाम सैल छिद्र मारावे. त्याचे कारण पुढे येईल. पट्टी जागेवर क्लॅम्पने पकडून आधी लहान बिटाने आरपार चौकटीपर्यंत छिद्र घ्यावे, म्हणजे तिन्हींचे मध्य जुळतात, आणि मग पट्टी उतरवून पट्टीचे व फळीचे छिद्र मोठे करावे. खोली कळावी म्हणून बिटाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवून छिद्र मारले तर मागील बाजूचे कुसळ उडत नाही.

छिद्र टोकापासून किती दूर, यालाही ठोकताळा आहे. आधी छिद्र मारलेले असेल तर स्क्रूच्या किंवा खिळ्याच्या व्यासाच्या निदान दहापट आणि छिद्र नसेल तर पंधरापट अंतर टोकापासून सोडावे. ८ नंबरच्या स्क्रूसाठी हे अंतर साधारण ४२ मिलिमीटर होते. व्यवहारात दोन इंच धरावे. पट्टीच्या लांब कडेपासून व्यासाच्या पाचपट पुरते, आणि दोन इंची पट्टीत मध्यरेषेवर स्क्रू घेतला की ते आपोआप मिळते. कधीकधी कोपऱ्याच्या रचनेमुळे टोकाच्या अगदी जवळ स्क्रू घ्यावाच लागतो. तेव्हा पट्टी दोन-तीन इंच लांबच ठेवावी, छिद्रे मारून घ्यावीत आणि मगच मापावर कापावी. छिद्र मारतानाचा रेटा त्या वाढीव भागाने सोसलेला असतो. जुने सुतार दारांच्या चौकटींना शिंगे, म्हणजे कोपऱ्यापलीकडे वाढीव टोके, ठेवून काम करीत, त्यात वाहतुकीत कोपरे जपण्याबरोबर हाही हिशेब असे.

आता स्क्रूचे डोके. सपाट डोक्याच्या स्क्रूची खालची बाजू शंकूसारखी असते आणि तीच शेवटच्या क्षणी लाकूड फाडते. सर्व छिद्रे बरोबर मारूनही डोके बुडताना ‘कट्’ असा आवाज येतो, तो याचाच. म्हणून काउंटरसिंक बिटाने डोक्याइतका खळगा आधी करून घ्यावा. बाहेरच्या कामात डोके पृष्ठभागाच्या पातळीला राहील इतकाच तो खोल असावा. घरातील फर्निचरप्रमाणे खोल बुडवून वर लांबी, म्हणजे खळगे बुजवायचा लगदा (पुट्टी), भरली, तर ती पहिल्याच उन्हाळ्यात सुटते आणि खळग्यात पाणी साचते. मला विचाराल तर कुंपणाला गोल डोक्याचा स्क्रू आणि त्याखाली स्टेनलेसचा वॉशर अधिक शोभतो आणि अधिक टिकतो, कारण त्यात शंकूचा रेटाच नाही आणि लाकडाला वॉशरखाली सरकायला वावही राहतो. हे सर्वांना रुचेल असे नाही. डोकी दिसलेली कित्येकांना आवडत नाहीत.

आवळण्याचे काम ड्रिल मशिनच्या क्लचवर, म्हणजे ठरावीक जोर लागला की फिरणे थांबवणाऱ्या कड्यावर, सोपवावे. क्लच कमी आकड्यावर ठेवून सुरुवात करावी आणि शेवटचा अर्धा फेरा पेचकसाने हाताने द्यावा. ठोके देत फिरणारे इम्पॅक्ट ड्रायव्हर पातळ पट्टीसाठी वापरू नये. पट्टी बसली हे हाताला कळायच्या आत ते डोके आत खेचून घेते. आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळले की फिरवायला लागणारा जोर बराच कमी होतो. अनेक जण त्यासाठी साबण वापरतात, पण साबण ओलावा धरतो आणि बाहेरच्या कामात स्क्रू गंजण्यास हातभार लावतो.

स्क्रू कोणत्या धातूचा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण आपल्या पॅनलचा हिरवट रंग सांगितलात म्हणून लिहितो. तो रंग बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांनी केलेल्या दाबप्रक्रियेचा आहे. लाकूड टिकवण्याची ही पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधली आणि पुढे ती जगभर विजेच्या खांबांपासून कुंपणांपर्यंत वापरली गेली. आर्सेनिकमुळे अनेक देशांनी घरगुती वापरातून ती नंतर हटवली. लाकडात राहिलेले तांबे ओलाव्याच्या साथीने साध्या लोखंडाला खाते. म्हणून येथे पातळ सोनेरी किंवा पांढऱ्या मुलाम्याचे स्क्रू चालणार नाहीत. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू तर मुळीच वापरू नयेत: ते कडक पण ठिसूळ असतात, त्यामुळे लाकूड हलले की त्यांची मान तुटते, आणि त्यांच्यावरील काळा थर पावसापुढे टिकत नाही. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्यावा. रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हेच काम असते तर खाऱ्या हवेमुळे ३१६ सांगितला असता. स्टेनलेसमुळे आणखी एक फायदा होतो: ज्या लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्य असते त्यावर लोखंडाभोवती पावसात निळे-काळे ओघळ उतरतात, ते टळतात. बाभूळ आणि खैर यांच्यावर ते फार ठळक दिसतात. सागावरही लोखंडी खिळ्याभोवती काळवट डाग पडतात.

स्टेनलेसचा स्क्रू मात्र तुलनेने मऊ असतो आणि कठीण लाकडात घट्ट छिद्र मिळाले तर मध्येच तुटतो. आपली चौकट पाइनची असल्याने ही अडचण येऊ नये. कोठे गाठ लागलीच तर त्याच मापाचा साधा लोखंडी स्क्रू आधी फिरवून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा आणि मग स्टेनलेसचा बसवावा.

आता दुसऱ्या फाटेकडे येतो. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याबरोबर रुंदीने फुगते व आक्रसते. लांबीत पडणारा फरक इतका कमी असतो की पट्टीच्या हिशेबात तो सोडून द्यावा. मुळशीसारख्या भागात पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांवर राहते तेव्हा उघड्यावरील लाकडातील ओलावा १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तो ७-८ टक्क्यांपर्यंत उतरतो. आयएस २८७ हे भारतीय मानक आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून कोठे किती ओलाव्याचे लाकूड वापरावे हे सांगते ते याच कारणासाठी. ओलाव्यातील दहा-अकरा टक्क्यांच्या या चढउतारात चार इंच रुंदीची पाइनची फळी, वार्षिक वलयांना समांतर कापलेली असेल तर, तीन मिलिमीटरपर्यंत रुंदी बदलते. सागाचे हालणे कमी, तरी तेवढ्याच रुंदीला सुमारे दोन मिलिमीटर होतेच. सुतारांच्या भाषेत सांगायचे तर एक सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड दरवर्षी येते आणि जाते.

आता हे आपल्या पॅनलवर मांडून पाहू. वरची आडवी पट्टी आणि तिच्या मागील चौकटीचा आडवा दांडा या दोघांच्या रेषा एकाच दिशेने जातात, म्हणून ते एकमेकांशी भांडत नाहीत. त्या दोघांमध्ये सापडलेल्या उभ्या फळ्या मात्र आडव्या दिशेने फुगतात-आक्रसतात. स्क्रू फळीतून घट्ट गेला आणि त्याच फळीच्या दुसऱ्या कडेलाही दुसरा स्क्रू घट्ट गेला, तर फळी दोन खुंट्यांमध्ये अडकते. पावसाळ्यात ती फुगते, पण सरकायला जागा नसल्याने स्क्रूभोवतीचे तंतू चेपले जातात. हिवाळ्यात ती आक्रसू पाहते, तेव्हा दोन्ही स्क्रू तिला विरुद्ध दिशांना ओढून धरतात आणि रेषांना काटकोनात पडणारा हा ताण ती सोसू शकत नाही. चीर मधोमध पडते, बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आणि ऑगस्टमध्ये ज्याने काम केले त्याला दोष देणेही मग अवघड होते. वर फळीत ६ मिलिमीटरचे सैल छिद्र सांगितले ते यासाठी. पट्टीचा दाब फळीला जागेवर ठेवतो, स्क्रू तिला अडवत नाही. शक्य असेल तेथे स्क्रू फळीच्या मधोमध किंवा दोन फळ्यांच्या फटीतून घ्यावा, आणि एका फळीतून एकाहून अधिक घेऊ नये. सहा फुटी पट्टीला फूट-सव्वा फुटाच्या अंतराने सहा स्क्रू भरपूर झाले. अधिक स्क्रू म्हणजे अधिक मजबुती हा समज बाहेरच्या लाकूडकामात उलटा पडतो.

उभ्या पट्ट्यांचे काम सोपे आहे, कारण तेथे पट्टी, कडेची फळी आणि चौकटीचा उभा दांडा या तिघांच्या रेषा समांतर असतात. एक मध्यरेषा, टोकांपासून दोन इंच सोडून समान अंतरावर स्क्रू, एवढेच पाहावे.

टोपीपट्टी ही मात्र खरी कसोटी. ती रुंद असते, वरून ऊन आणि पाऊस दोन्ही थेट घेते, आणि खालची बाजू सावलीत राहिल्याने दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात. परिणामी ती पन्हळीसारखी वाकू पाहते. हे वाकणे दाबून ठेवण्यासाठी दोन्ही कडांना स्क्रूंची रांग मारण्याचा मोह होतो आणि मग पट्टी मध्यावर पूर्ण लांबीने फाटते. तीन-साडेतीन इंचांपर्यंतच्या टोपीपट्टीला मधोमध एकच रांग द्यावी. त्याहून रुंद हवी असेल तर एका रांगेची छिद्रे गोल आणि दुसऱ्या रांगेची छिद्रे पट्टीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावीत, ४.५ मिलिमीटरची दोन छिद्रे शेजारी मारून मधली भिंत कानसीने काढली की लांबट छिद्र तयार होते. त्यावर गोल डोके आणि वॉशर लावून बेताने आवळावे, म्हणजे लाकूड वॉशरखाली सरकू शकते. टोपीपट्टी निवडताना तिचे टोक पाहावे: वलयांच्या कमानींची फुगीर बाजू, म्हणजे झाडाच्या सालीकडची बाजू, खाली ठेवावी. वाळताना वलये सरळ होऊ पाहतात, म्हणून अशी पट्टी वर किंचित फुगीर होते आणि पाणी दोन्हीकडे उतरते. माथ्याला दहा-पंधरा अंशांचा उतार देता आला तर फारच उत्तम, आणि बाहेर आलेल्या कडेखाली करवतीने दोन-तीन मिलिमीटरची एक खाच मारली तर थेंब तेथेच गळतो, फळ्यांवर ओघळत नाही.

या सगळ्यात काम कोणत्या ऋतूत करता यालाही महत्त्व आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत लाकूड मधल्या ओलाव्यावर असते, तेव्हा पुढील हालचाल दोन्ही दिशांना निम्मी-निम्मी वाटली जाते. मेमध्ये करायचे असेल तर फळ्यांमध्ये फट ठेवूनच काम करावे, कारण जूनमध्ये सर्व काही फुगणार आहे. वखारीतून आणलेली पट्टी लगेच ठोकू नये. आडव्या काठ्यांवर, सावलीत, हवा खेळेल अशी रचून दोन-तीन आठवडे जागेवरच ठेवावी. ओलावामापक नसेल तर एक तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर दोन-तीन दिवसांनी तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तेथील हवेशी जुळले. पट्टी निवडताना टोकाला केसासारखी चीर आधीच आहे का हे बोट ओले करून पाहावे, कारण ओलावलेल्या लाकडावर ती काळी उमटते. अशी चीर असेल तर तेवढे टोक कापूनच टाकावे. छिद्र कितीही काळजीपूर्वक मारले तरी जुनी चीर पुढे धावतेच. रेषा पट्टीच्या कडेने तिरक्या बाहेर पडत असतील ती पट्टीही बाजूला ठेवावी.

सुताराचा आग्रह खिळ्यांचाच असेल तर त्यातही मार्ग आहे. खिळ्यासाठीसुद्धा छिद्र मारावे, त्याच्या व्यासाच्या साधारण तीन चतुर्थांश. योग्य मापाचे बिट नसेल तर त्याच खिळ्यांपैकी एकाचे डोके कापून तोच ड्रिलमध्ये पकडावा. मऊ लाकडात तो बिटासारखे काम देतो. खिळ्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका देऊन ते बोथट करण्याची युक्ती आपल्या सुताराला नक्की ठाऊक असेल. बोथट टोक तंतूंना रेटण्याऐवजी चेपत आणि तोडत पुढे जाते, म्हणून फाटण्याचा धोका घटतो. मात्र त्याने पकडही थोडी कमी होते आणि टोकाजवळ केवळ या युक्तीवर विसंबता येत नाही. सर्व खिळे एकाच रेषेवर ठोकू नयेत, एक किंचित वर आणि एक किंचित खाली असे घ्यावेत, म्हणजे एका खिळ्याची चीर दुसऱ्याला मिळत नाही. हवेच्या दाबाची खिळे मारायची बंदूक असेल तर तिच्या बारीक खिळ्यांचे टोक पटाशीसारखे असते. ती धार रेषांना आडवी पडली तर तंतू कापते आणि समांतर पडली तर त्यांना फाडते. बंदूक कोणत्या दिशेने धरली की काय होते हे त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर मारून पाहावे. असे बारीक खिळे पट्टी तात्पुरती धरून ठेवायला उत्तम. केवळ त्यांच्या भरवशावर उघड्यावरची सागवानी पट्टी दोन पावसाळे काढेल असे मला वाटत नाही.

गोंदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जेथे दोन्ही लाकडांच्या रेषा समांतर आहेत आणि लाकडाला लाकूड थेट भिडते, तेथे वॉटरप्रूफ किंवा पॉलियुरेथेन गोंद जरूर लावावा. त्याने स्क्रू कमी लागतात आणि पाणी आत शिरत नाही. जेथे रेषा आडव्या-उभ्या भेटतात, म्हणजे आपल्या वरच्या व खालच्या पट्ट्या फळ्यांना जेथे भिडतात, तेथे गोंदाचा थेंबही लावू नये. सैल छिद्रे मारून जी हालचाल आपण मोकळी केली तीच गोंद पुन्हा जखडतो, आणि मग चांगला गोंद असेल तर लाकूड फाटते आणि वाईट असेल तर गोंद सुटतो.

कोपऱ्यांना ४५ अंशांचा जोड सुंदर दिसतो, पण उघड्यावर तो उघडतो, कारण दोन्ही पट्ट्या रुंदीने आक्रसल्या की आतील बाजूला फट पडते. शिवाय त्याच्या अणकुचीदार टोकात स्क्रू घेणे म्हणजे फाटेला आमंत्रण. साधा काटकोनी जोड घ्यावा: आडवी पट्टी पूर्ण लांबीची आणि उभ्या पट्ट्या तिच्याखाली टेकलेल्या, गुण्या लावून नीट कापलेल्या. प्रत्येक कापलेल्या टोकावर बसवण्यापूर्वीच तेल किंवा सीलरचे दोन-तीन हात पाजावेत, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकातून पिते आणि सर्वांत लवकर तेथूनच तडकते. चौकटीचे दांडे कोठे कापावे लागले तर त्या ताज्या छेदांना आणि छिद्रांनाही लाकूड-संरक्षक द्रव लावावा. दाबप्रक्रियेतील औषध लाकडाच्या गाभ्यापर्यंत नेहमीच पोचलेले नसते. तेल की पॉलिश की रंग, हे आपल्या आवडीवर; फक्त पट्टीच्या मागील बाजूलाही तेवढेच हात द्यावेत.

ज्या पट्ट्या आधीच फाटल्या आहेत त्या सगळ्या टाकून देऊ नयेत. खिळा मागच्या बाजूने ठोकून काढावा, चीर पटाशीच्या टोकाने हलकेच उघडी धरून तिच्यात वॉटरप्रूफ गोंद किंवा पातळ इपॉक्सी शिरू द्यावे, आजूबाजूचा गोंद पुसून क्लॅम्पने दाबून दिवसभर ठेवावे. पूर्ण सुकल्यावर जुन्या भोकापासून इंच-दीड इंच आत नवे छिद्र घ्यावे आणि जुने भोक सागाच्याच काडीने बुजवावे. चीर सहा इंचांहून लांब असेल तर तेवढा भाग कापून ती पट्टी उभ्या बाजूला, आखूड लांबीला वापरावी.

पहिला पावसाळा उलटल्यावर डिसेंबरमध्ये सर्व स्क्रूंवरून एकदा पेचकस फिरवून पाहावा. लाकूड आक्रसल्याने काही ढिले झालेले असतील. पाव फेरा पुरतो, त्याहून अधिक आवळू नये. आणि छिद्रे मारताना, कापताना तोंडाला मास्क ठेवावा, हिरवट पाइनचा भुसा वाफ्यात टाकू नये आणि उरलेले तुकडे शेकोटीत किंवा पाणी तापवायच्या बंबात जाळू नयेत, कारण जाळल्यावर त्यातील आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. माळ्याला आणि सुताराच्या मदतनिसाला हे आधीच सांगून ठेवावे. काम संपले की असे तुकडे सर्वांत आधी तेच जळणाला नेतात.